राखाडी चौकोन

“वाचता येतं ना तुला?”

कल्याणच्या नर्सिंग कॉलेजात, काउंटरच्या आतून बाईंनी विचारलं. मोठ्यानं. माझ्या मागं रांग होती. मुली, मुलींच्या आया, फाइली. सगळ्यांनी ऐकलं.

“येतं मॅडम.”

“मग शेवटची तारीख लिहिलेली दिसली नाही?”

“दिसली मॅडम. तीन दिवस फॉर्म भरायला गेले मी. पण फॉर्मच येत नव्हता. नुसता राखाडी चौकोन यायचा.”

“कसला चौकोन?”

मी हातानं दाखवला. हवेत. एवढा. मागं कोणीतरी हसलं.

बाईंनी त्यांचा मॉनिटर गर्रकन माझ्याकडं फिरवला. “हा बघ फॉर्म. दिसतोय? इथं नाव, इथं जन्मतारीख, इथं फोटो. मला दिसतोय. या सगळ्या मुलींना दिसला. त्यांनी भरला. फक्त तुलाच कसा दिसला नाही?”

मी बघत राहिले. फॉर्म होता. निळ्या रंगाचा. नीट ओळीत रकाने. तीन दिवस मी जो शोधत होते तो हाच.

बाई मग शेजारी उभ्या माझ्या बापाकडं वळल्या. “काय हो, ही नर्स होणार? हिला फॉर्म सापडत नाही, पेशंटची शीर कशी सापडायची? जंगलातनं उठून यायचं आणि डायरेक्ट नर्स. कोण सांगतं तुम्हांला हे?”

आता रांग हसली. सगळी नाही. पण हसली.

आणि माझ्या बानं हात जोडले.

“चुकलं बाईसाहेब,” बा म्हणाला. “पोरीला कळलं नाय. एकदा घ्या पदरात.”

“पदरात घ्यायला हे काय देऊळ आहे? चला, पुढची.”

बाईंचं बोलणं मी विसरले असते कदाचित. बानं जोडलेले हात नाही विसरले. धुतलेला पांढरा शर्ट, कोपरावर ताणलेला. भातसानगरला डॅमच्या कॉलनीत तो रोजंदारीवर होता. साहेबांच्या बंगल्यांपुढच्या बागांना पाणी घालायचा. त्या दिवशी खाडा करून आला होता. शेणव्याच्या पुढं आमची वाडी. तिथून कल्याणपर्यंत तो एकच वाक्य बोलला होता. “आपली पोरगी सुई मारणार लोकांना.” हसून बोलला होता.

बारावीला मला चांगले मार्क होते. वाडीतून सायन्सला गेलेली मी पहिली. हे बाईंना सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी काय.

ते तीन दिवस कसे गेले ते सांगते.

कॉलेज खासगी होतं. फॉर्म फक्त वेबसाइटवर. कागदावर घेणार नाहीत असं छापलं होतं. आमच्याकडं तेव्हा साधा बटणांचा फोन. म्हणून शहापूरला सायबरमधे गेले. एसटीनं. सायबरवाला भला माणूस होता. त्यानं पान उघडलं. वर कॉलेजची इमारत, पांढऱ्या टोप्यांतल्या मुली. खाली जिथं फॉर्म पाहिजे तिथं राखाडी चौकोन. चौकोनाच्या मधोमध कोड्याचा एक तुकडा काढलेला. लहान मुलांच्या चित्रकोड्यातला असतो तसा. एक अक्षर लिहिलेलं नाही.

“साइट बंद असल,” सायबरवाला म्हणाला. “उद्या ये गो.”

दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसरा लावून बघितला. तिथंही तुकडाच. मी त्या तुकड्यावर माउस दाबला. परत दाबला. काही झालं नाही.

तिसरा दिवस शेवटचा. दुपारी चारपर्यंत मी त्या चौकोनासमोर बसले होते. वेबसाइटवर फोन नंबर होता. सायबरवाल्याच्या फोनवरून लावला. पलीकडून एक पुरुष म्हणाला, “साइट व्यवस्थित चालू आहे. तुम्हांला येत नसेल तर कोणा शिकलेल्याला घेऊन बसा.”

ठेवला.

शिकलेली मीच होते. आमच्या वाडीत अर्ज लिहायचा, पत्र वाचायचं, बँकेची स्लिप भरायची, की मला हाक यायची. आता मी कोणाला घेऊन बसू?

तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपलं चुकतंय. आपल्याला दिसत नाही असं काहीतरी तिथं आहे. बाकीच्यांना दिसतं. आपल्यात काहीतरी कमी आहे.

ही गोष्ट डोक्यात बसली की ती निघत नाही. ती सगळीकडं येते. दुकानात, बँकेत, बसमधे. मी पुढची तीन वर्षं भिवंडीच्या बाजूला गोदामात खोकी चिकटवली. तिथं एकदा सुपरवायझर म्हणाला, जरा कॉम्प्युटरवर बसशील का, एंट्री मारायची आहे. मी नको म्हणाले. मला नाय जमत म्हणाले. खोकीच चिकटवत बसले. कॉम्प्युटरवर बसायची लाज वाटायची. भीती नाही. लाज. कोणीतरी परत स्क्रीन फिरवून दाखवेल असं वाटायचं.

गोदाम बंद पडलं म्हणून मी घरी आले. नाहीतर आजही चिकटवत असते.

घरी बसले होते तेव्हा बा म्हणाला, मुरबाडला एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचा वर्ग चालतो, गरिबांच्या पोरांना फुकट शिकवतात. मी म्हणाले, मला नाय जायचं. तो म्हणाला, “बघ जाऊन. एक दिस बघ.” काउंटरचा विषय आमच्या घरात कोणी काढत नव्हतं. त्यानंही नाही काढला. पण त्याच्या मनात तेच होतं.

आमच्याकडून मुरबाड म्हणजे दोन गाड्या आणि मधे जीपची वाट बघणं. वर्ग एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. सहा कॉम्प्युटर, दहा पोरं. शिकवणारे सर मुरबाडचेच, शेतकऱ्याच्या घरातले. मुंबईला कंपनीत होते, आई आजारी म्हणून परत आले होते. चप्पल बाहेर काढून शिकवायचे. चुकलं की म्हणायचे, “छान. आता कुठं चुकलं ते शोधू.” असं मला आधी कोणी म्हणालं नव्हतं. चुकलं की छान.

वेबसाइटचं पान कसं बनतं ते त्यांनी शिकवलं. पान म्हणजे शेवटी मजकूरच. खुणा घालून लिहिलेला. इथं मथळा सुरू, इथं संपला. इथं चित्र. त्यांना टॅग म्हणतात. मला ते लगेच जमलं. भाताची लावणी जिनं ओळीत केली आहे तिला ओळ धरून काम करणं शिकवावं लागत नाही.

एका दुपारी सरांनी फळ्यावर नवीन खूण लिहिली. एक उघडणारी, एक बंद करणारी. दोन्हींच्या मधे बोटभर जागा सोडली.

म्हणाले, “काही पानांवर असा भाग असतो जो ब्राउझरला एकट्याला दाखवता येत नाही. त्याला वरून एक जोड लागते. प्लगइन. ज्याच्या कॉम्प्युटरवर ती जोड आहे, त्याला भाग दिसतो. ज्याच्याकडं नाही, किंवा बंद केलेली आहे, त्याला काय दिसेल?”

सरांनी त्या बोटभर जागेवर खडू ठेवला. “ते तुम्ही इथं लिहायचं. ही जागा त्याच्यासाठीच ठेवलेली आहे. ज्याच्याकडं नाही त्याच्यासाठी. इथं लिहिलेलं फक्त त्यालाच दिसतं. त्याला सांगायचं की बाबा रे, तुझ्याकडं अमुक गोष्ट नाही म्हणून हा भाग दिसत नाही, आणि त्याच्यावाचून तुझं काम असं असं होईल. दोन ओळी लागतात.”

मी हात वर केला.

“सर, आणि नाय लिहिलं तर?”

“तर त्याला कोरा चौकोन दिसतो. राखाडी. काही ब्राउझर त्यात कोड्याचा तुकडा काढतात.”

मी उभी राहिले. का उभी राहिले मलाच कळलं नाही. सर म्हणाले, काय झालं? मी म्हणाले, मला एक साइट बघायची आहे. आत्ता.

कॉलेजचं नाव टाकलं. तीच इमारत, त्याच टोप्या. तोच चौकोन. तीन वर्षं झाली तरी कोणी हात लावला नव्हता. सरांनी पानाच्या मागचा मजकूर कसा उघडायचा ते दाखवलं होतं. उघडला. ओळीवर बोट ठेवून खाली आले. सापडली. उघडणारी खूण. तिच्या लगोलग बंद करणारी खूण.

मधे काही नव्हतं.

एक शब्द नव्हता. माझ्यासाठी लिहायची जागा होती. मुद्दाम ठेवलेली जागा. ती कोणीतरी रिकामी सोडली होती. बसल्या बसल्या. चहा पीत असेल. त्याला आठवलंच नसेल की जोड नसलेलं कोणी असू शकतं. शहापूरच्या सायबरमधे कोणी मुलगी बसली असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

सर माझ्या मागं उभे होते. मी विचारलं, “सर, यात चूक कोणाची?”

“पान बनवणाऱ्याची,” ते म्हणाले. “शंभर टक्के.”

“बघणाऱ्याची नाय?”

“बघणाऱ्याची कशी असेल? त्याला सांगितलंच नाही.”

मी रडले नाही. मला राग आला. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. बाईंकडं जोड होती. त्यांच्या मशीनवर कोणीतरी बसवून दिली होती. त्यात त्यांची हुशारी काही नव्हती. शहापूरच्या सायबरमधे नवीन ब्राउझर होता, त्यात तसली जोड बंद केलेली होती. त्यात माझा अडाणीपणा काही नव्हता. एवढाच फरक. एवढ्यावर त्यांनी मला जंगलातली म्हटलं. एवढ्यावर रांग हसली. एवढ्यावर मी तीन वर्षं मान खाली घालून खोकी चिकटवली.

त्या दिवशी घरी आले तेव्हा बा अंगणात बसून दोर वळत होता. मी त्याला सगळं सांगितलं. वहीत चौकोन काढून दाखवला. दोन खुणा काढल्या. मधली जागा दाखवली. तो सही करण्यापुरतं शिकलाय. पण कळलं त्याला. फार नीट कळलं.

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला,

“मंग मी हात कशाला जोडले?”

वर्ग झाला. सरांच्या ओळखीनं कल्याणला एका छोट्या कंपनीत लागले. वेबसाइट बनवणारी कंपनी. आम्ही सहा जण. माझं काम तपासणीचं. पान तयार झालं की ते सगळीकडं उघडतंय का बघायचं, तक्ता भरायचा, खाली सही करायची. हे काम मला शिकवावं लागलं नाही. मी प्रत्येक पान आधी सगळं काढून टाकून बघायचे. जोड नाही, चित्र नाही, जुना फोन, रडतखडत चालणारं नेटवर्क. कंपनीचे साहेब म्हणायचे, “तू साइट तपासतेस की तिची परीक्षा घेतेस?” चार वर्षं काम केलं. साहेब वाईट नव्हते. पगार वेळेवर द्यायचे, सणाला मिठाई द्यायचे. वाईट नसलेली माणसं काय करतात ते पुढं कळलं.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी एक काम आलं. मुंबईचा एक मोठा ट्रस्ट. श्रीमंतांचा. शहापूर आणि मुरबाडच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याचे टँकर देणार. मागणी वेबसाइटवर नोंदवायची. ऐकून मला बरं वाटलं. आमच्या वाडीवरून डॅमचं पाणी दिसतं. चकाकतं दुपारचं. ते मुंबईला जातं. आमच्या बायका एप्रिल-मेमधे कोरड्या ओढ्यात खड्डा, डवरा, उकरून वाटी वाटीनं पाणी भरतात. तर निदान टँकर येईल.

साइट झाली. सुंदर झाली. नकाशा होता तिच्यात. आपली वाडी नकाशावर शोधायची, तिच्यावर खूण करायची, की मागणीचं बटण खाली येणार. नकाशा ट्रस्टनं आधीच विकत घेतलेला, त्यांच्या ऑफिससाठी. तो चालायला ब्राउझरला जोड लागायची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती होती. फोनवर ती बसतच नव्हती. कुठल्याच फोनवर नाही.

आणि वाड्यांवर कॉम्प्युटर आहेत कुठं?

मी रविवारी घरी गेले तेव्हा ती साइट आमच्या सुरेखाताईंच्या फोनवर उघडली. सुरेखाताई म्हणजे वाडीतल्या आशा सेविका. बाळंतिणी, डोस, रेशनचे ऑनलाइन फॉर्म, सगळं त्यांच्या त्या एका फोनवर. काचेला तडा गेलेला. टँकरची मागणीही त्याच करणार होत्या. साइट उघडली. वर एका मुलाचा फोटो, ओंजळीनं पाणी पितोय. खाली राखाडी चौकोन.

बघत होते त्या काय करतात. त्यांनी फोन आडवा केला. उभा केला. बंद करून उघडला. बोटानं चौकोन दाबला. परत दाबला. पदरानं काच पुसली. मग फोन माझ्याकडं दिला आणि ओशाळं हसल्या.

“मला नाय जमत गो. माझंच कायतरी चुकतंय.”

तसंच. शब्दाला शब्द.

ज्या बाईनं चाळीस बाळंतपणांना रात्री-अपरात्री डोली केली, जिला वाडीतल्या प्रत्येक पोराच्या डोसची तारीख तोंडपाठ, ती म्हणते माझं चुकतंय. कारण पान बनवणाऱ्या कोणालातरी दोन ओळी लिहायचा कंटाळा.

सोमवारी साहेबांना सांगितलं. नकाशा राहू दे, म्हटलं. पण जिथं तो चालत नाही तिथं मराठीत लिहू, की तुमच्या फोनवर नकाशा दिसणार नाही, त्याची गरज नाही. आणि खाली चार साधे रकाने देऊ. गाव, वाडी, घरं किती, फोन नंबर. आणि बटण. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी करते.

साहेब म्हणाले, “ट्रस्टला विचारावं लागेल. त्यांना साइटचा लूक महत्त्वाचा आहे.”

विचारायला आम्ही ट्रस्टच्या मॅनेजरकडं गेलो. मुरबाडच्या पुढं ट्रस्टच्या एका ट्रस्टीचं फार्महाऊस आहे, तिथं बैठक होती. बाहेर हिरवळ. हिरवळीवर फवारे फिरत होते. मार्चची दुपार. मी फवाऱ्यांकडं बघत आत गेले.

मॅनेजर तरुण होता, गोड बोलणारा. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमचा मुद्दा भावनिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ज्यांना नकाशा वापरता येत नाही त्यांच्यासाठी आपण साइट खाली आणायची का? प्रत्येक वाडीत कोणीतरी शिकलेलं असतंच ना. तो भरेल.”

“शिकलेल्यानं पण भरता येणार नाय,” मी म्हणाले. “फोनवर तो दिसतच नाय. शिक्षणाचा संबंध नाय.”

“मग तालुक्याला येऊन भरतील. एवढं पाणी फुकट मिळतंय, तर एवढे कष्ट घ्यायला काय हरकत आहे?”

त्यानं तक्ता माझ्यापुढं सरकवला. तपासणीचा. खाली छापलं होतं, साइट सर्व उपकरणांवर व्यवस्थित चालते. त्याच्याखाली माझं नाव. सहीची रेघ. साहेबांनी खिशातलं पेन काढून दिलं.

पेन मी घेतलं. टोपण पण काढलं. खोटं सांगत नाही, एक क्षण वाटलं की करून टाकावी. माझ्या पगारावर घर चालत होतं. धाकट्या बहिणीचं कॉलेज चालू होतं. आणि सही काय, मी रोज दहा करत होते.

पण ती सही केली असती तर मी कोण झाले असते? सुरेखाताई तो चौकोन घेऊन इथं आल्या असत्या, आणि या माणसानं त्यांना माझा कागद दाखवला असता. हा बघा. सगळ्यांना दिसतं. तपासलंय. तुमच्याच वाडीच्या मुलीनं सही केलीय.

मी पेन बंद करून टेबलावर ठेवलं.

“हे खोटं आहे. मी सही करणार नाय.”

साहेब हळूच म्हणाले, “अगं, फॉर्मॅलिटी आहे.”

“तुमच्यासाठी आहे,” मी म्हणाले. “आमच्याकडं त्याच्यावर टँकर येणार का नाय ते ठरतं. ज्याच्याकडं नाय त्याचा विचार केला नाय, असं लिहा तक्त्यावर. त्याच्याखाली करते सही.”

मॅनेजरचं हसणं थांबलं. म्हणाला, “मॅडम, तुम्ही कंपनीकडून आलाय की वाडीकडून?”

“वाडीकडून,” मी म्हणाले.

तोवर मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तोंडून निघालं तेव्हा कळलं.

परत येताना मुरबाड स्टँडजवळ साहेबांनी गाडी थांबवली आणि समोर बघत म्हणाले, “तू हुशार आहेस. पण असं करून कुठंच टिकणार नाहीस.” मी उतरले. दुसऱ्या दिवशी मेल आला की आता कामावर यायची गरज नाही. तक्त्यावर दुसऱ्या कोणीतरी सही केली. साइट सुरू झाली.

एप्रिलमधे ट्रस्टनं शहापूरला हॉलमधे कार्यक्रम केला. हार, शाली, मोठा पडदा. पडद्यावर साइट दाखवत होते. आमच्या वाडीतून नऊ जणी गेल्या होत्या, मी त्यांच्यात. मॅनेजर नकाशावर खूण करून दाखवत होता, किती सोपं आहे. टाळ्या झाल्या. मी उठले. सुरेखाताईंना पण उठवलं. आम्ही दोघी मधल्या वाटेनं स्टेजपाशी गेलो. सुरेखाताईंनी फोन पुढं केला.

“याच्यावर दाखवा,” त्या म्हणाल्या.

मॅनेजरनं मला ओळखलं. फोन घेतला. नाही कसा म्हणेल, सगळे बघत होते. त्यानं उघडलं. आडवा केला. उभा केला. बोटानं दाबलं. परत दाबलं. मी त्याच्या कपाळाकडं बघत होते.

“फोन जुना आहे ताई तुमचा,” तो म्हणाला.

“मंग नवा तुमचा काढा,” सुरेखाताई म्हणाल्या. “त्याच्यावर दाखवा.”

त्यानं काढला नाही. त्याला माहीत होतं. माईकवर म्हणाला, तांत्रिक सूचना आल्या आहेत, योग्य ती दखल घेऊ, आणि पुढचा सत्कार पुकारला. एवढंच. आम्हाला कोणी बाहेर काढलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. पण त्या दिवशी आमच्यातलं कोणी हात जोडून बाहेर आलं नाही. सुरेखाताई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “त्याला पण नाय दिसला गो.” दोनदा म्हणाल्या.

दखल घेतली त्यांनी. दहा दिवसांनी चौकोनात एक ओळ आली. इंग्रजीत. तुमचं उपकरण या सेवेसाठी योग्य नाही. बस. रकाने नाहीत, फोन नंबर नाही, दुसरी वाट नाही. आधी आम्हाला काही सांगत नव्हते. आता सांगतात की दोष तुमचा आहे, आणि ते पण सुरेखाताईंना न येणाऱ्या भाषेत. मला कोऱ्या चौकोनापेक्षा त्या ओळीचा जास्त राग आहे. कोरा चौकोन विसरून राहिला असं तरी म्हणता येत होतं. ही ओळ कोणीतरी बसून, विचार करून लिहिली.

म्हणून मग मी पान बनवलं. माझं. चार रकाने आणि एक बटण. मराठीत. त्याला नकाशा नाही, जोड नाही, रंग पण नाही. तडा गेलेल्या फोनवर चालतं. एक काडी नेटवर्क असलं तरी चालतं. ज्या वाडीत तेवढंही नाही तिथली बाई मिसकॉल देते, मी फोन करून लिहून घेते. आधी शहापूरच्या, मग मुरबाडच्या वाड्या आल्या. आता मी शहापूरलाच छोटी मोठी कामं घेते, साइटची, टायपिंगची. बहिणीचं कॉलेज ओढून ताणून चाललंय. बा अजून कॉलनीच्या बागांना पाणी घालतो. पहिल्या महिन्यात एकाच वाडीला टँकर आला, तोही अर्धा भरून. मी काही जिंकले नाही.

पण दर सोमवारी मी ती यादी कागदावर काढते. वाडीचं नाव, घरं, मागणी केलेल्या बाईचं नाव. ट्रस्टच्या शहापूरच्या ऑफिसात जाते. ते म्हणतात, ऑनलाइन करा. मी म्हणते, तुमचं ऑनलाइन आमच्याकडं उघडत नाय, हे लेखी द्या. ते लेखी देत नाहीत. मग यादी घेतात. मी दुसरी प्रत पुढं करते. शिक्का मागते, तारीख मागते, सही मागते. गेल्या सोमवारी मॅनेजर नाही म्हणून सांगितलं. मी दोन वाजेपर्यंत बाकावर बसले. शिपाई म्हणाला, बाई, जेवायची वेळ झाली, बंद करायचंय. मी म्हणाले, करा बंद, मी आत आहे. सव्वादोनला शिक्का मिळाला.

परवा परत सोमवार आहे. यादीत सतरा वाड्या आहेत. मी जाणार. खुर्चीत कोणीही असू दे. विनंती करणार नाही. चुकलं म्हणणार नाही. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.